धावड्याच्या शाळेतला अर्धा पंखा

मित्रांनो, रोज सकाळी शाळा भरताना तुम्ही ज्याला बडवता, तो मी. तुम्ही मला घंटा म्हणता. म्हणा बापडे, मी कुठे तुमचा कान धरायला खाली येतो! पण खरं सांगायचं तर मी घंटा नाही. मी एक अर्धा पंखा आहे. विमानाचा. उरलेला अर्धा कुठे गेला ते पुढे सांगेन. त्याआधी एक गाऱ्हाणं ऐका. परवा मधल्या सुट्टीत कुणीतरी मला दगड मारला. नाव मला माहीत आहे, पण सांगत नाही. दगडाने माझ्या अंगाला खळगा पडतो, आणि ज्या अंगाने वारा कापला त्याला तो फार सलतो. मोगरीने मारा, हवं तेवढं मारा, माझी काही तक्रार नाही.

माझा जन्म सातासमुद्रापलीकडचा. तिथल्या एका कारखान्यात हलक्या पांढऱ्या धातूची कांब तापवून, दाबून, घासून आम्ही दोघे जुळे भाऊ निघालो. बुंध्याशी गोल, टोकाकडे चपटे. बैलगाडीच्या चाकाला मधे तुंबा असतो ना, तसा एक पोलादी तुंबा आमच्या मधे होता. त्यात आमचे बुंधे बसवायचे, वरून पोलादी पट्टे आवळायचे आणि तो सगळा पंखा विमानाच्या नाकाला लावायचा. बोटीतून आम्ही मुंबईला आलो आणि तिथून जालन्याला. जालन्यात कापसाच्या जिनिंगचे एक मालक होते. त्यांना हैदराबादच्या फेऱ्या फार पडत. त्यांनी एक छोटं जुनं विमान घेतलं होतं आणि गावाबाहेरच्या माळावर त्याच्यासाठी पत्र्याची शेड बांधली होती. माळाच्या शेवटाला दगडी बांध होता. हा बांध नीट ध्यानात ठेवा.

शेडमधल्या मिस्त्रीचं नाव मच्छिंद्र. हो, तुमचे मच्छिंद्रकाकाच. तेव्हा त्यांची मिशी काळी होती. ते इथलेच, धावड्याचे. विमान चालवायचा दीनानाथ. तो जालन्यातल्या वकिलांच्या घरचा मुलगा, मुंबईला जाऊन विमान शिकून आलेला. पहिल्या दिवशी दीनानाथ मच्छिंद्रला आमची गंमत समजावून सांगू लागला. आम्हाला तुंब्यात जरा आडवं-तिरपं फिरवता येतं. एका तऱ्हेने बसवलं तर विमान चटकन उचलतं, पण लांबच्या पल्ल्याला दमतं. दुसऱ्या तऱ्हेने बसवलं तर लांब जातं, पण उचलायला फार धावावं लागतं. मच्छिंद्रने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "साहेब, हे तं नांगरावानी झालं. फाळ उथळ लावला तं बैल पळतेत, खोल लावला तं जोर लागतो. पण एका फेरीत जमीन जास्त उलटते."

दीनानाथ हसला. "बरोबर. फक्त एक फरक आहे. नांगराचा फाळ चालता चालता दाबता येतो. हा पंखा एकदा वर गेला की बदलत नाही. जे काय करायचं ते जमिनीवरच."

मित्रांनो, हे वाक्य मी तेव्हा ऐकलं आणि सोडून दिलं. त्याचा खरा अर्थ कळायला मला पुढे कितीतरी वर्षं लागली.

मच्छिंद्रचा हात म्हणजे काय हात होता! आधी तो पट्ट्यांचे बोल्ट सैल करायचा. मग आमच्या अंगावर खडूने खूण केलेल्या जागी कोन मोजायचं पितळी यंत्र लावायचा. त्या यंत्राला तो 'पंच' म्हणायचा. पंच सांगेल ते खरं, त्यावर अपील नाही. मला एवढंसं फिरव, भावाला एवढंसं फिरव, दोघांचा कोन केसाइतकाही कमीजास्त नको. मग बोल्ट आवळून तार बांधायची. शेवटी जमिनीत एक खुंटी ठोकून माझं टोक तिला टेकवायचं, मग पंखा फिरवून भावाचं टोक टेकतं का ते पाहायचं. कोनांची रोजची अदलाबदल सोपी व्हावी म्हणून त्याने आमच्या बुंध्यांवर दोन-दोन बारीक रेघा रंगवल्या होत्या. पांढरी रेघ लांबच्या पल्ल्याची, लाल रेघ चटकन चढण्याची. तरी रेघ जुळवल्यावरही पंच लावल्याशिवाय तो कधी हात धूत नसे. हैदराबादेहून आलेला एक गोरा साहेब त्याचं काम पाहून चकित झाला होता. त्या दिवशी मी मनातल्या मनात फार फुगलो होतो, लपवत नाही.

पण काम करताना मच्छिंद्र कधी कधी थांबायचा आणि उत्तरेकडे बघत राहायचा. तिकडे भोकरदन, त्यापलीकडे पिंपळगाव रेणुकाई आणि मग धावडा. तिथे त्याची माय होती, झुंबरबाई. आणि मायलेकांचं बोलणं बंद होतं.

त्याचं कारण असं. मच्छिंद्रचे वडील एका हंगामात जिनिंगमध्ये कामाला गेले आणि यंत्राच्या पट्ट्यात सापडून वारले. तेव्हापासून झुंबरबाईला लोखंडाचा आवाजसुद्धा सहन होत नसे. आणि नेमकं पोराला वेड लागलं ते यंत्राचं. तो जालन्याला निघाला तेव्हा ती दारात उभी राहून म्हणाली, "लोखंडानं नवरा खाल्ला माझा. आता तू चालला त्याच्याच दारी. जा. पण पुन्हा माझ्या उंबऱ्यात पाय ठेवायचा न्हाई." हट्टी मायचा हट्टी लेक. त्याने खरंच पाय ठेवला नाही. लग्न केलं ते बायकोच्या माहेरी. त्याची बायको गोजरबाई सासूचं तोंडही न पाहता जालन्यात नांदत होती.

अडतीस सालच्या दसऱ्याच्या आधी मच्छिंद्रने दीनानाथला एक गोष्ट मागितली. इतक्या वर्षांत त्याने स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं.

"साहेब, दसऱ्याला मला एकडाव धावड्यावरून न्या. मायला सोनं द्यायचं हाय."

"मग उतरू ना तिथे. माळ असेल एखादा."

"न्हाई साहेब. तिनं उंबऱ्यात पाय ठेवू नको म्हणलंय. वरून सोनं टाकतो अंगणात. पाय बी लागत न्हाई, सोनं बी पोचतं."

पाहा कशी तोड काढली! दसऱ्याला आपट्याचं सोनं थोरांना द्यावं, पाया पडावं आणि वर्षाचं भांडण तिथेच संपवावं, ही आपली रीत. मायचा शब्दही मोडायचा नाही आणि सोनंही द्यायचं. दीनानाथ म्हणाला, "चारला निघू." धावड्याचा कचरू बाजाराला जालन्यात आला होता, त्याच्याबरोबर मायला निरोप गेला. मच्छिंद्रने आपट्याची पानं चिंधीत बांधली, पुरचुंडी सरळ खाली पडावी म्हणून आत एक खडा घातला आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात जपून ठेवली. आणि मी? मला तर त्या दिवसाची मच्छिंद्रपेक्षा जास्त घाई झाली होती. त्याचं गाव मला वरून बघायचं होतं.

आता ऐका, माशी कुठे शिंकली. खंडेनवमीला आपण हत्यारं पुजतो. मच्छिंद्रच्या घरी कडक नेम होता, पुजलेलं हत्यार दसऱ्याला सोनं वाटून होईपर्यंत उचलायचं नाही. गोजरबाई सकाळी शेडमध्ये आली. वर्षातून ती नवमी-दसऱ्याचे हे दोनच दिवस येई. तिने पाने, हातोडे आणि पंच पाटावर मांडले, हळदकुंकू वाहिलं, झेंडू घातला. दुपारी आम्ही हैदराबादेहून परतलो, पांढऱ्या रेघेवर. तिने आमचीही पूजा केली, पण आम्ही वाहन, हत्यारांचा तो नेम आम्हाला नव्हता. गोजरबाई बुटकी. माझं टोक खाली होतं, म्हणून माझ्या बुंध्यावर तिने कुंकवाची पाच बोटं ओढली. भाऊ वर होता, तिथे तिचा हात पुरेना. त्याच्यावर तिने खालूनच चिमूटभर कुंकू उधळलं. माझ्या त्या पाच बोटांतलं एक बोट माझ्या लाल रेघेच्या अगदी शेजारी ओढलं गेलं होतं. मधे अंतर किती? तिळाएवढं.

दसऱ्याच्या दुपारी आम्हाला लाल रेघेवर आणायचं होतं. दोन माणसं, पाऊस संपल्यानंतरचं ऊन आणि पुढे तो दगडी बांध. चटकन उचलायलाच हवं होतं. मच्छिंद्रने पाना जिनिंगमधून मागून आणला. पण पंच कुठून आणणार? तसा पंच आख्ख्या जालन्यात दुसरा नव्हता आणि होता तो पाटावर, झेंडूच्या माळेत. मच्छिंद्र पाटासमोर जाऊन उभा राहिला. हात पुढे केला आणि मागे घेतला. आजच्या दिवशी देवाचा नेम मोडून मायकडे कसं जायचं, असं त्याला वाटलं असणार. मग तो स्वतःशीच म्हणाला, "रेघा हायेत की."

त्याने फडक्याने माझं कुंकू पुसलं, पण पूजेचं म्हणून हलक्या हाताने. चार बोटं गेली, एक राहिलं. वंगणाखालची खरी रेघ झाकलेलीच राहिली. भाऊ खऱ्या लाल रेघेवर बसला आणि मी कुंकवावर. मला कळत होतं, मित्रांनो. अंगातून कळत होतं, की मी भावाशी जुळत नाही. पण आमच्यासारख्यांना तोंड कुठे असतं? खुंटीच्या परीक्षेत आम्ही पास झालो, कारण खुंटी टोक पाहते, कोन पाहत नाही.

चार वाजता इंजिन सुरू झालं. मच्छिंद्र धुतलेलं धोतर नेसून, डबा मांडीवर घेऊन बसला. हळू फिरताना काही जाणवलं नाही. पण दीनानाथने जोर दिला आणि विमान थरथरायला लागलं. एका जुवाखाली दोन बैल, एक ओढतोय आणि एक मागे राहतोय, तसं आमचं झालं. चाकं धावत होती, बांध जवळ येत होता, मच्छिंद्रच्या मांडीवरचा डबा खडखड वाजत होता. दीनानाथने दात आवळले आणि इंजिन बंद केलं. आम्ही बांधाच्या अलीकडे चार हातांवर थांबलो.

दीनानाथ उतरला. त्याचा आवाज कधी चढत नसे, तेव्हाही चढला नाही. "मच्छिंद्र, पंच लावला होतास?"

"पंच पूजेत हाय, साहेब."

दोघांनी विमान ढकलत शेडमध्ये आणलं. सूर्य मावळला, लोकांनी सोनं लुटलं, तेव्हा मच्छिंद्रने पंच उचलला आणि मला लावला. दोन अंशांचा फरक. त्याने त्या लाल रेघेवर बोट घासलं. बोट लाल झालं. रंग असा हाताला लागत नाही, कुंकू लागतं. गोजरबाईने ते पाहिलं आणि पदर तोंडाला लावून रडू लागली. तो तिला म्हणाला, "तुह्या बोटाचा दोष न्हाई. मी डोळ्यावर इसंबलो." मग डब्याचं झाकण घट्ट लावून त्याने तो फळीवर ठेवून दिला. दीनानाथने पाठीवर हात ठेवून सांगितलं, पुढल्या दसऱ्याला नक्की.

तिसऱ्या दिवशी काय झालं ते फक्त मी पाहिलं. सकाळची वेळ होती. मच्छिंद्र माझ्यापुढे वाकून बुंध्यावरचं वंगण पुसत होता, त्याची पाठ दाराकडे होती. आणि दारात एक म्हातारी येऊन उभी राहिली. पायांवर गुडघ्यापर्यंत धूळ, हातात काठी, छाती वरखाली होत होती. मी तिला आधी कधी पाहिलं नव्हतं, पण ओळखलं. मच्छिंद्रसारखंच नाक होतं तिचं. तिने त्याच्या पाठीकडे पाहिलं. किती वेळ पाहिलं म्हणून सांगू! पदराने डोळे पुसले, शेडच्या पत्र्याला नुसता हात लावला आणि आली तशी निघून गेली. मी तेव्हा जिवाच्या आकांताने म्हणत होतो, मच्छिंद्रा, वळ. बाबा रे, एकदा वळ. पण मला वाजवणारं तिथे कुणी नव्हतं.

पुढचा दसरा आलाच नाही आमचा. मोठी लढाई सुरू झाली, पेट्रोल मिळेना. दीनानाथ लढाईवर विमान चालवायला गेला. एक-दोन पत्रं आली, मग तीही थांबली. इंजिन काढून कुणीतरी नेलं. शेडमध्ये कोंबड्या राहू लागल्या आणि माझ्या भावावर एक कोंबडी रोज बसायची. आभाळ पत्र्याच्या भोकातून दिसायचं, पैशाएवढं. वारा आला की मला वाटायचं, आता कुणीतरी फिरवील. कुणी फिरवत नसे. मच्छिंद्र जिनिंगमध्ये कामाला लागला. पण दरवर्षी खंडेनवमीच्या आदल्या दिवशी तो यायचा, पंच लावायचा, आम्हा दोघांना बरोब्बर लाल रेघेवर आणायचा आणि बोल्ट आवळून जायचा. ज्या विमानाला इंजिनच नाही त्याचा पंखा चढण्यासाठी लावून ठेवायचा. मी त्याला वेडा म्हणणार नाही. मीही तेच मनात धरून बसलो होतो.

कचरू कधी बाजारात भेटला की मच्छिंद्र विचारी, "माय कशी हाय?" तो म्हणे, "ठीक हाय म्हातारी." एवढंच. मायने निरोप धाडला नाही, म्हणून लेक गेला नाही. लेक आला नाही, म्हणून मायने निरोप धाडला नाही. अशी दहा वर्षं गेली.

मग हे यंदाचं साल उजाडलं, अठ्ठेचाळीस. निजामाचं राज्य गेलं. गावोगाव शाळा उघडायची धांदल सुरू झाली आणि दसऱ्याच्या चार दिवस आधी कचरू जिनिंगच्या दारात येऊन उभा राहिला.

"मच्छिंद्र, गावात शाळा काढून राह्यलो आपण. घंटा पायजे. झुंबरमाय म्हणली, त्याच्या इमानाचा पंखा आणा. अन् म्हणली, दुसऱ्या कुणी आणायचा न्हाई. त्यानंच आणायचा."

 जिला लोखंडाचा आवाज सोसत नव्हता, तीच गावासाठी रोज वाजणारी घंटा मागत होती. मालकांनी होकार दिला, फक्त माझा भाऊ त्यांनी बंगल्याच्या दिवाणखान्यात लावायला ठेवून घेतला. मच्छिंद्रने बोल्ट सोडले आणि आम्ही वेगळे झालो. जन्मापासून आम्ही समोरासमोर होतो, पण एकमेकांना कधी भिडलो नव्हतो. त्या दिवशी उतरवताना आमची टोकं एकदा एकमेकांना लागली, टण्ण. तोच आमचा निरोप.

बैलगाडीत गवतावर मला निजवलं. शेजारी गोजरबाई, तिच्या मांडीवर तो डबा. दोन दिवस मी उताणा पडून आभाळ बघत होतो. पिंपळगाव रेणुकाई मागे पडलं तेव्हा मच्छिंद्र बायकोला म्हणाला, "अंगणातच उभं राहायचं. आत जायचं न्हाई."

दसऱ्याच्या दिवशी चारच्या सुमारास गाडी झुंबरबाईच्या अंगणात थांबली. मच्छिंद्र उतरला. डबा उघडून चिंधीची पुरचुंडी काढली. पानांचा भुगा झाला होता, आतला खडा तेवढा शाबूत. दारापासून दोन हातांवर तो उभा राहिला. आत अंधारात म्हातारी बसली होती.

"माय, सोनं आणलंय. दहा वर्सं उशीर झाला."

"त्या दिशी दिस मावळस्तोर वर बघत बसल्ते," आतून आवाज आला. "मला वाटलं, पडलं इमान. लोखंडानं तुलाबी खाल्लं. तशीच निघाले. जालन्याला आल्ते मी."

मच्छिंद्रने विचारलं, "कवा?"

"तू वाकून पंखा पुसून राह्यला व्हतास. पाठ दिसली. जिता हाय म्हणलं, बास झालं."

"मंग हाक कामून न्हाई मारली, माय?"

"तू कामून न्हाई वळलास?"

 मग म्हातारी म्हणाली, "बाहीर कामून उभा हायेस? आत ये."

"तूच म्हणल्तीस, उंबऱ्यात..."

"खाली बघ की."

त्याने खाली पाहिलं. दाराला उंबरा नव्हता. जिथे तो असायला हवा तिथे सपाट सारवलेली जमीन होती, आतून बाहेरपर्यंत एकसारखी.

"जालन्याहून आले त्याच दिशी पहार घेऊन काढला," झुंबरबाई म्हणाली. "गावाला सांगितलं, त्याला सांगायचं न्हाई. यायचं तं येईल अन् बघंल."

दहा वर्षं, मित्रांनो. जो उंबरा जागेवर नव्हताच, त्याच्यापाशी तो दहा वर्षं अडून राहिला होता. मच्छिंद्र तिथेच गुडघ्यांवर बसला आणि रांगतं मूल जातं तसा आत गेला. त्याने मायच्या ओंजळीत तो भुगा ठेवला आणि पायांवर डोकं टेकलं. म्हातारीने भुगा मुठीत घट्ट धरला. मग दाराकडे पाहून म्हणाली, "गोजर, तू बी ये गं. किती वर्सं उभी ठेवायची तुला?"

दुसऱ्या दिवशी मला शाळेपुढे टांगलं. आडवं लाकूड हवं होतं. झुंबरबाईने गोठ्यामागून एक जाड, जुनं लाकूड काढून दिलं, वरून पायांनी झिजलेलं. मी आज ज्याला टांगलेला आहे, ते तेच. तुम्ही तिच्याकडे शेंगा खायला जाता, आणि दाराला उंबरा नाही हे तुमच्यातल्या एकाच्याही लक्षात आलं नाही. शाळेत काय शिकता कोण जाणे.

धावडा गाव मी वरून कधी पाहिलं नाही, ते राहूनच गेलं. वारा सुटला की अजून अंग शिवशिवतं. भावाची आठवण येते. त्याच्या दिवाणखान्यात वारा येतो की नाही, कुणास ठाऊक. पण मच्छिंद्रकाका अधूनमधून येतात, पंच लावतात आणि मी सरळ लटकतोय ना ते पाहतात. तेवढ्यावर मी दिवस काढतो.

तेव्हा मला दगड मारू नका. आणि घरात, शेजारी, वर्गात कुणी रुसून पाठ फिरवून बसलं असेल, तर दसऱ्याची वाट बघू नका. त्याला हाक मारा. मला त्या दिवशी हाक मारता आली नव्हती. आता रोज सकाळी तुमच्या मोगरीने ती मी मारतो आणि पलीकडच्या घरातून म्हातारी दरवेळी ओ देते, "आले रे."